कामाच्या यादीला माहितीची जोड: शेतकरी कंपनीच्या कार्यालयासाठी ऑटोमेशन

‘कामांची यादी ट्रेलोवर आहे, माहिती गूगल ड्राइव्हमध्ये आहे. दोन्ही आपोआप जोडता येतील का?’ हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गटांचे प्रभागसंघ हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारतात. कुणी ट्रेलोऐवजी गूगल शीट म्हणतो, कुणी नोशन. अडचण मात्र एकच असते. काय करायचे ते एका ठिकाणी लिहिलेले असते आणि कसे करायचे ते दुसऱ्याच ठिकाणी.

उदाहरण घ्या. मे महिन्यात कंपनीच्या यादीत काम पडते: ‘सभासदांच्या घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणे.’ काम नव्या क्षेत्र कर्मचाऱ्याच्या नावावर आहे. पद्धत ठरलेली आहे. ओल्या गोणपाटात 100 दाणे ठेवायचे, पाच ते सात दिवसांनी उगवलेले मोजायचे. 70 किंवा जास्त उगवले तर हेक्टरी 75 किलो, म्हणजे एकरी 30 किलो बियाणे पुरते. कमी उगवले तर प्रमाण वाढवायचे. हे सगळे कुणीतरी दोन वर्षांपूर्वी नीट लिहून ठेवलेलेही असते. पण नव्या मुलाला ती फाइल सापडत नाही. तो जुन्या माणसाला फोन लावतो, फोन लागत नाही, आणि पाऊस येऊन ठेपतो.

ऑटोमेशनने सुटतो तो इतकाच प्रश्न: काम ज्याच्या हाती पडेल, त्याच्या हाती त्या कामाचे पानही त्याच वेळी पडावे. यापेक्षा जास्त अपेक्षा सुरुवातीला ठेवू नका.

आधी पाने, मग जोडणी

बहुतेक कार्यालये उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी अ‍ॅप निवडतात, मग जोडणी करणारा शोधतात, आणि शेवटी लक्षात येते की जोडायला माहितीच नाही. ड्राइव्हमध्ये फाइली असतात. पण ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘अंतिम सुधारित’ अशा नावांच्या तीन प्रतींपैकी खरी कोणती हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून पहिला आठवडा कोणत्याही अ‍ॅपला हात न लावता काढा. वर्षभरात पुन्हा पुन्हा येणारी आणि चुकली तर नुकसान करणारी दहा-बारा कामे निवडा. आपल्या जिल्ह्यातल्या कंपनीसाठी ती साधारण अशी असतील:

- सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणी (मे)
- हळद बेण्याची निवड आणि बेणेप्रक्रिया (मे-जून)
- हळदीची खरेदी: वजन, ओलावा, प्रतवारी, पावती (हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन आल्यावर)
- बाजार समितीत किंवा ई-नामवर माल लावणे
- वसमत हळदीच्या भौगोलिक मानांकनासाठी सभासदांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी
- जीएसटी विवरणपत्रे
- संचालक मंडळाची बैठक आणि वार्षिक सर्वसाधारण सभा
- खते आणि बियाणे यांच्या परवान्यांचे नूतनीकरण

यातल्या मानांकनाच्या कामाला वेगळे पान हवेच. वसमत हळदीला 2024 मध्ये मानांकन मिळाले, पण ते नाव आपल्या पिशवीवर छापण्याचा अधिकार प्रत्येक उत्पादकाला आपोआप मिळत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. कागद कोणते, अर्ज कुठे, कोणाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर अडकला आहे, हे एका पानावर नसेल तर दर वेळी शून्यापासून सुरुवात होते.

एका कामाला एक गूगल डॉक. लांबी दोन मोबाइल पडद्यांपेक्षा जास्त नको. प्रत्येक पानाच्या माथ्यावर चार गोष्टी असल्याच पाहिजेत: पानाचा क्रमांक, पान सांभाळणाऱ्याचे पद, शेवटी तपासल्याची तारीख आणि माहिती कुठून घेतली ते. शेतीविषयक पानांवर हा शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. हळदीतल्या कंदकूज किंवा करप्याच्या औषधाचे प्रमाण लिहिताना तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राची किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस आणि तिचे वर्ष लिहा, आणि औषधाच्या लेबलवर हळद या पिकाचे नाव आहे का ते पाहा. चॅटबॉटने सुचवलेले प्रमाण तिथे चिकटवू नका. ऑटोमेशन तेच पान शंभर जणांना पाठवणार आहे. चूकही शंभर शिवारांत जाईल.

जोडणीचे मार्ग

पाने तयार झाली की निवड सोपी होते. चार मार्ग आहेत. पुढे दिलेल्या मोफत मर्यादा कंपन्या बदलत असतात, म्हणून खाते उघडताना त्या पुन्हा पाहून घ्या.

गूगल शीट, गूगल डॉक आणि अ‍ॅप्स स्क्रिप्ट. वेगळे पैसे नाहीत, आणि शीट बहुतेकांना येते. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्ट दिवसाला 100 जणांपर्यंत ईमेल पाठवू शकते. पाच-दहा जणांच्या कार्यालयाला हे भरपूर आहे.

ट्रेलो आणि त्याचे अंगभूत ऑटोमेशन. कार्डे सरकवून काम पाहण्याची सवय असेल तर चांगले. ‘या लेबलचे कार्ड तयार झाले की त्यात अमुक दुवा टाक’ असा नियम कोडशिवाय बनतो. मोफत योजनेत कार्यक्षेत्रामागे 10 सहकारी आणि महिन्याला 250 वेळा नियम चालण्याची मर्यादा आहे.

नोशन. इथे कामे आणि पाने एकाच घरात राहतात. कामाच्या तक्त्याला पानांच्या तक्त्याशी नाते जोडता येते, त्यामुळे वेगळी जोडणी लागतच नाही. पण एकापेक्षा जास्त जण आले की मोफत योजनेत मजकुराची मर्यादा लागते. शिवाय गावात नेटवर्क कमी असताना ते साध्या शीटपेक्षा जड जाते.

झॅपियर, मेक, एन-एट-एन. ही दोन वेगवेगळ्या अ‍ॅपांच्या मधली माणसे. झॅपियरच्या मोफत योजनेत महिन्याला 100 कृती आणि फक्त दोन पायऱ्यांची जोडणी मिळते. दिवसाला पाच नवी कामे धरली तरी 25 दिवसांत 125 कृती होतात. विसाव्या दिवशी जोडणी थांबेल, आणि ते लक्षात येईपर्यंत आणखी काही दिवस जातील. मेकची मोफत मर्यादा महिन्याला 1,000 आहे, पण तिथे प्रत्येक पायरी मोजली जाते. एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर मोफत चालवता येते. मात्र सर्व्हर सांभाळणारा माणूस कायम हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

माझे मत विचाराल तर, पगारी माणसे दहापेक्षा कमी असलेल्या कार्यालयाने पहिल्या वर्षी गूगल शीटच वापरावी. ट्रेलो आधीच नीट चालत असेल तर ते मोडू नये.

गूगल शीटवरची जोडणी, क्रमाने

1. कंपनीच्या नावाचे वेगळे जीमेल खाते उघडा. त्याच्या पुनर्प्राप्तीसाठी संचालक मंडळाने ठरावाने ठरवलेला मोबाइल नंबर द्या, कर्मचाऱ्याचा नको. पुढची प्रत्येक गोष्ट याच खात्यातून बनवा. ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि सर्वांत महत्त्वाचीही. स्क्रिप्टचे ट्रिगर, म्हणजे ठरल्या वेळी किंवा ठरल्या घटनेला तिला चालवणारी व्यवस्था, ज्याने बनवले त्याच्या खात्याच्या परवानगीने चालतात. केंद्राच्या 10,000 शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत व्यवस्थापन खर्चाची मदत तीन वर्षांपुरती असते. त्यानंतर सीईओ किंवा लेखापाल बदलणे अगदी शक्य आहे. जोडणी त्यांच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर त्यांचे खाते बंद झाले की ती बंद पडेल.

2. एका शीटमध्ये ‘पाने’ नावाचा टॅब करा. रकाने: पान क्रमांक, नाव, डॉकचा दुवा, सांभाळणारे पद, शेवटची तपासणी, पुढची तपासणी. क्रमांक साधा ठेवा: हळदीसाठी ह-01, ह-02, सोयाबीनसाठी स-01, कार्यालयीन कामांसाठी क-01.

3. दुसरा टॅब ‘कामे’. रकाने: काम, पान क्रमांक, जबाबदार व्यक्ती, ईमेल, मुदत, स्थिती, दुवा, आठवण पाठवली. पान क्रमांक आणि स्थिती हे रकाने यादीतून निवडायचे ठेवा, हाताने लिहायचे नकोत. एकाने ‘हळद खरेदी’ आणि दुसऱ्याने ‘हळदीची खरेदी’ लिहिले तर संगणकासाठी ती दोन वेगळी कामे होतात. क्रमांकाने जोडले की शुद्धलेखनाचा प्रश्न राहत नाही.

4. ‘दुवा’ रकान्यात व्हीलुकअपचे सूत्र लावा. पान क्रमांक निवडला की डॉकचा दुवा आपोआप येईल. इथे थांबलात तरी निम्मे काम झाले, आणि अजून एक ओळही कोड लिहिलेला नाही. महिनाभर एवढ्यावरच चालवून पाहा.

5. मग रोज सकाळी चालणारी छोटी स्क्रिप्ट: मुदत तीन दिवसांवर किंवा त्याहून जवळ आलेली, ‘पूर्ण’ नसलेली आणि ‘आठवण पाठवली’ रिकामे असलेली कामे शोधायची, जबाबदार व्यक्तीला दुव्यासह ईमेल करायचा, आणि त्या रकान्यात तारीख टाकायची. तो रकाना विसरलात तर एकाच कामाचा ईमेल रोज जात राहील. जिल्ह्यातल्या कुठल्याही महाविद्यालयातला संगणकशास्त्राचा विद्यार्थी ही स्क्रिप्ट लिहून देऊ शकेल. त्याला हा परिच्छेद जसाच्या तसा दाखवा.

6. नियमित कामे एका वेगळ्या टॅबमधून आपोआप यादीत येऊ द्या. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांसाठी 11 आणि 20 तारीख. तिमाही योजनेत असलेल्या महाराष्ट्रातल्या कंपन्यांसाठी तिमाहीनंतरच्या महिन्याची 13 आणि 22 तारीख. उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत किमान एकदा व्हावी लागते आणि तिची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते; सर्वसाधारण सभेची सूचना 14 दिवस आधी. म्हणून यादीत काम ‘बैठक घेणे’ असे नव्हे, ‘सूचना पाठवणे’ असे टाका, आणि त्याच्या पानावर सूचनेचा नमुना ठेवा.

पान बदलायचे ते माणसानेच

आता जोडणीची दुसरी दिशा. काम पूर्ण झाले की त्यातून जे कळले ते पानात परत जायला हवे. ‘ओलावा मोजण्याचे यंत्र उन्हात चुकीचे दाखवते, सावलीत मोजा’ अशी एक ओळ पुढच्या हंगामात क्विंटलमागे भांडण वाचवते. त्यासाठी काम ‘पूर्ण’ करताना एक लहान गूगल फॉर्म उघडू द्या. त्यात एकच प्रश्न हवा: ‘पानात काय बदलायला हवे?’ उत्तर ‘काही नाही’ असले तरी चालेल. ही उत्तरे ‘सुचवण्या’ टॅबमध्ये जमा होतील आणि पान सांभाळणाऱ्याला ईमेल जाईल.

पण सुचवणी आपोआप पानात शिरू देऊ नका, अ‍ॅप तशी सोय देत असले तरीही. पीकविम्याचेच पाहा. 2023 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा होता, आणि गारपीट किंवा अतिवृष्टीने स्थानिक नुकसान झाले तर 72 तासांत कळवायचे, हे सगळ्यांच्या तोंडी बसले होते. 2025 च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची सवलत बंद केली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या उत्पादनावर ठेवली. ज्या कार्यालयाचे पान जुने राहिले, ते सभासदांना जुनीच धावपळ करायला लावणार. आणि एखाद्याने समाजमाध्यमावर वाचलेली भलतीच अट फॉर्ममध्ये लिहिली व ती थेट पानात गेली, तर नुकसान आणखी मोठे. विम्याच्या पानाला दर हंगामाआधी ‘पुढची तपासणी’ लावा, आणि त्या हंगामाचा शासन निर्णय समोर ठेवूनच तारीख पुढे ढकला. शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी, अनुदानाचे अर्ज या पानांनाही हाच नियम.

तपासणीची तारीख उलटलेले पान कामासोबत जाताना ईमेलच्या पहिल्याच ओळीत ‘हे पान तपासलेले नाही’ असे यायला हवे. स्क्रिप्टमध्ये ही एक अट वाढवायला फार वेळ लागत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतली सर्वांत मोलाची ओळ तीच आहे.

हमखास अडकण्याच्या जागा

- तारखा. शीटची भाषा-प्रदेश मांडणी ‘भारत’ करा. ती अमेरिकेची असेल तर 3/4 म्हणजे 3 एप्रिलऐवजी 4 मार्च धरला जातो. तारखा आणि क्रमांक इंग्रजी अंकांतच लिहा.
- वेळ. स्क्रिप्टचा कालविभागही भारताचाच हवा, नाहीतर सकाळचा ईमेल भलत्याच वेळी जाईल. ‘सकाळी 7 ते 8’ निवडले तर त्या तासात केव्हाही स्क्रिप्ट चालते. नेमक्या मिनिटाची अपेक्षा ठेवू नका.
- रकान्याचे नाव किंवा जागा बदलणे. पहिली ओळ संरक्षित करा. मधे एक रकाना घातला तरी जोडणी चुकीची माहिती उचलते, आणि ते महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.
- न संपणारे चक्र. पान बदलले की काम तयार होते आणि काम झाले की पान बदलते, असे दोन नियम एकमेकांना चालवत राहिले तर एका रात्रीत महिन्याची मर्यादा संपते. दोन्ही दिशांचे नियम एकाच दिवशी सुरू करू नका.
- गप्प बसलेली जोडणी. स्क्रिप्ट अपयशी ठरली की गूगल तिच्या मालकाला ईमेल पाठवते. तो ईमेल कंपनीच्या खात्यात पडतो, म्हणून ते खाते रोज कोण उघडणार हे नावानिशी ठरवा.
- दुव्याची परवानगी. ‘दुवा असलेला कोणीही पाहू शकतो’ हे शेती सल्ल्याच्या पानांना ठीक आहे. सभासद यादी, बँक तपशील, दरांचे करार यांना कधीच नाही.

वीज आणि नेटवर्क गेले तरी खरेदी थांबत नाही. म्हणून खरेदी केंद्रावर लागणाऱ्या पानांची छापील प्रत काट्याजवळ लावा, तिच्यावर छापल्याची तारीख टाका, आणि पान बदलले की प्रत बदलण्याचे काम यादीत आपोआप येऊ द्या.

व्हॉट्सअ‍ॅपचे काय?

ईमेल कोण पाहतो, हा रास्त आक्षेप आहे. पण आपल्या नेहमीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात स्क्रिप्टने संदेश टाकण्याचा अधिकृत मोफत मार्ग नाही. व्यवसायांसाठीची अधिकृत सेवा पैसे घेते आणि आधी मंजूर केलेल्या नमुन्यातलेच संदेश स्वतःहून पाठवू देते. ‘दोन हजारांत बॉट बसवून देतो’ म्हणणारे बहुधा अनधिकृत साधन वापरतात. त्यात नंबर बंद होण्याची भीती असते, आणि तो नंबर तुमच्या सगळ्या सभासदांकडे साठवलेला असतो. त्यापेक्षा शीटमध्ये एक रकाना असा ठेवा की ज्यावर बोट लावले की त्या व्यक्तीचे व्हॉट्सअ‍ॅप तयार मजकुरासह उघडेल. पाठवायचे बटण माणूस दाबेल. पाच-सात कामांसाठी ते दोन मिनिटांचे काम आहे. टेलिग्राम वापरायची तयारी असेल तर तिथे बॉट अधिकृतपणे आणि मोफत बनवता येतो.

सभासदांची माहिती आणि त्यांचे हक्क

कामाच्या यादीत नकळत सभासदांची खासगी माहिती शिरते: ‘अमुक यांचे आधार आणि पासबुक अपलोड करणे.’ मग ते आधार ट्रेलोच्या कार्डाला चिकटते, तिथून झॅपियरमधून जाते, आणि किती ठिकाणी प्रती राहिल्या ते कुणालाच सांगता येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. तोपर्यंत व्यवस्था सुधारायला वेळ आहे; तो वापरा.

या कायद्याने सभासदाला आपली कोणती माहिती कंपनीकडे आहे ते विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा, गरज संपल्यावर माहिती पुसून घेण्याचा आणि तक्रार निवारणाचा हक्क दिला आहे. संमतीची सूचना मराठीत मिळावी असा आग्रहही तो धरू शकतो. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे.

कार्यालयासाठी याचा व्यवहारी अर्थ असा: कामाच्या यादीत फक्त सभासद क्रमांक लिहा. आधार, बँक खाते, सातबारा एका बंद फोल्डरमध्ये ठेवा, त्याला ऑटोमेशनची परवानगी देऊ नका. पूर्ण आधार क्रमांक लागत नसेल तिथे शेवटचे चार अंक दिसणारे मास्क केलेले आधारच घ्या. जोडणीचे अ‍ॅप ‘तुमच्या ड्राइव्हमधील सर्व फाइली पाहण्याची’ परवानगी मागते तेव्हा कंपनीच्या मुख्य खात्यावरून ‘हो’ म्हणू नका. त्या एका कामापुरत्या फाइली असलेले वेगळे खाते द्या.

बाहेरच्या माणसाकडून करून घेत असाल तर

पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. सगळी खाती कंपनीच्या नावाने असतील. स्क्रिप्ट कंपनीच्या खात्यात उघडून वाचता येईल. काम कसे चालते त्याचे एक मराठी पान तोच लिहून देईल. तुमच्या माहितीसंग्रहातले ते क-01 असू द्या. आणि तीन महिने दुरुस्ती मोफत असेल. साधन बदलायचे ठरले तर माहिती बाहेर काढता येते का, तेही विचारा. ट्रेलो मोफत योजनेतही सगळा फलक जेसन फाइलमध्ये देते, पण एक्सेलमध्ये उघडणारी सीएसव्ही फाइल सशुल्क योजनेतच मिळते. नोशन पाने आणि तक्ते दोन्ही बाहेर देते. गूगलची टेकआउट सेवा संपूर्ण खाते एकत्र उतरवून देते.

शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्यासमोर एक चाचणी घ्या. त्याचा ईमेल सर्व फाइलींच्या परवानग्यांतून काढून टाका, ‘कामे’ टॅबमध्ये उद्याच्या मुदतीचे एक खोटे काम घाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 8 वाजता ईमेल पानाच्या दुव्यासह आला की नाही ते पाहा. आला तर पैसे द्या.